लॅटिन शब्दमुळांवरून इंग्रजी शब्दसंपत्ती

लॅटिन शब्दमुळांवरून शब्द शिकणे : इंग्रजी शब्द एकेकटा पाठ न करता त्याच्या पोटातले लॅटिन मूळ ओळखायचे आणि त्या मुळाचे अख्खे कुटुंब एकदम शिकायचे, अशी ही अभ्यासपद्धत आहे. शब्दाचे उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय असे भाग सुटे करून अर्थ लावला जातो. लॅटिनमध्ये ‘ड्यूकेरे’ म्हणजे नेणे. इंग्रजीत हे मूळ ‘ड्यूस’, ‘डक्ट’ अशा रूपांनी आले. एसटीतला कंडक्टर म्हणजे मुळात सोबत नेणारा. प्रोड्यूस म्हणजे पुढे आणणे, रिड्यूस म्हणजे मागे नेणे आणि सिड्यूस म्हणजे बाजूला नेणे, नादी लावणे. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळापासून पाणी खेळवणाऱ्या नहरींना इंग्रजी पुस्तके ॲक्विडक्ट म्हणतात. त्यातला ‘ॲक्वा’ म्हणजे पाणी आणि पुढचा ‘डक्ट’ कंडक्टरमधलाच.

इंग्रजी मुळात जर्मानिक, म्हणजे जर्मन, डच यांच्या कुळातली भाषा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमार्गे आणि नंतर विद्वानांच्या लेखणीतून थेट लॅटिनचे शब्द तिच्यात येत गेले. आज इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द या दोन वाटांनी आलेले आहेत. मात्र ईट, गो, वॉटर, हँड असे घरातले लहान शब्द बहुतेक जर्मानिकच राहिले. म्हणून या पद्धतीचा खरा उपयोग कायदा, विज्ञान, प्रशासन आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतील इंग्रजीला होतो.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला ही पद्धत सहसा उशिरा, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत भेटते. अभ्यासिकेच्या टेबलावर मुळांचा तक्ता असतो, त्याचीही घोकंपट्टीच होते आणि पोर समजते की ही काही नवी, परकी विद्या आहे. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे याच्या उलट आहे. या प्रदेशातल्या मुलाच्या कानावर मुळांच्या दोन पद्धती लहानपणापासून पडलेल्या असतात. तिसरी त्यांच्या शेजारी बसवली की ती सोपी होते.

पहिली पद्धत संस्कृत धातूंची. ड्यूकेरेप्रमाणेच ‘नी’ या धातूचाही अर्थ नेणे. त्यापासून नेता, विनय, अभिनय, निर्णय आणि उपनयन हे शब्द झाले. ‘हृ’ धातूला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे एकमेकांपासून पार दूरचे अर्थ निघतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असे सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक हीच उदाहरणे देतो. लॅटिन उपसर्गांचे वागणे याहून वेगळे नाही.

दुसरी पद्धत अरबीची, ती उर्दूतून आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. शाळा, कचेऱ्या आणि जमिनीचे कागद यांवर उर्दूची छाप होती. १९१८ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी भाषांतराचे वेगळे खातेच उभारले. मौलवी अब्दुल हक यांच्या संपादनाखालचा मोठा इंग्रजी–उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये औरंगाबादेतून प्रसिद्ध झाला. अरबीत मूळ बहुधा तीन व्यंजनांचे असते आणि स्वर बदलत जातात. ह-क-म या तीन अक्षरांतून हुकूम, हाकीम (अधिकारी), हुकूमत, महकमा (सरकारी खाते) आणि हकीम निघतात. क-त-ब मधून किताब, कातिब (लेखनिक) आणि मकतब (शाळा). आजोबांच्या तोंडी ‘महकमा’ ऐकलेल्या मुलाला हे नाते दाखवले, तर ‘एका मुळाचे कुटुंब’ म्हणजे काय हे त्याला वेगळे समजावावे लागत नाही.

संस्कृत आणि लॅटिन यांच्यात तर फक्त पद्धतीचे साम्य नाही, रक्ताचे नाते आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असे मांडले. पुढच्या भाषाशास्त्राने ते पक्के केले. याचे सर्वांत सुंदर उदाहरण मराठवाड्याच्या नकाशावरच आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. त्यात ‘प्रति’ आणि ‘स्था’ आहेत. हेच नाव झिजून पैठण झाले. स्था म्हणजे उभे राहणे आणि लॅटिनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘स्तारे’. म्हणून स्टेशनला स्थानक, स्टेटसला स्थिती आणि स्टेबलला स्थिर म्हणताना आपण एकाच मुळाची दोन रूपे शेजारी ठेवत असतो. पैठणच्या बस स्थानकाच्या पाटीवर तर हे मूळ दोनदा येते, एकदा लपून आणि एकदा उघड.

दंत आणि डेंटिस्ट, वाहन आणि व्हेइकल, नाम आणि नॉमिनेट, नव आणि नॉव्हेल्टी याच नात्याचे. बैलाच्या मानेवरचे जू संस्कृत ‘युग’वरून आले. लॅटिनमध्ये जूला ‘युगुम’ म्हणत. जोडणे या अर्थाच्या त्याच मुळातून जंक्शन आले, म्हणजे परभणी आणि पूर्णा जंक्शनच्या पाटीवरही जू आहे. मुक्तिसंग्राम दिनाच्या सप्टेंबरमध्ये ‘सप्त’ उघड दिसतो. महिना नववा असून नावात सात का, असे मुले विचारतात. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, त्यामुळे तो तेव्हा सातवा होता. ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव आणि डिसेंबरात दश त्याच हिशेबाने.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तेर आणि पैठणचा माल इसवी सनाच्या पहिल्या शतकात बैलगाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई आणि तेथून रोमन जगात पोचे. पण शब्दांचे हे साम्य त्या व्यापारातून आलेले नाही. ते त्याच्या कितीतरी आधीचे, दोन्ही भाषा वेगळ्या होण्यापूर्वीचे आहे.

उपसर्गांतही तेच दिसते. प्रोग्रेसमधला ‘प्रो’ हा प्रगतीमधला ‘प्र’, इंटरनॅशनलमधला ‘इंटर’ हा आंतरराष्ट्रीयमधला ‘अंतर्’, आणि नकाराचा ‘इन’ हा अनादर, अनुचित यांतला ‘अन्’. इंपॉसिबल, इल्लीगल आणि इर्रेग्युलर यांत ‘इन’चे रूप का बदलते, यावर विद्यार्थी अडतात. सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि नती मिळून उन्नती होते, हे त्यांनी संधीच्या धड्यात शिकलेले असते. कारण दोन्हीकडे एकच, शेजारच्या व्यंजनाशी जुळवून घेणे. हा दुवा वर्गात जोडला जात नाही, याचे वाईट वाटते.

समानार्थी शब्दांसाठी ही पद्धत विशेष मोलाची आहे. आपल्याकडे समानार्थी शब्द पाठ करण्याची परंपरा जुनी आहे. अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशाची तीन कांडे त्यासाठीच मुखोद्गत केली जात. त्यातही मुळांची युक्ती होतीच. पाण्याचे चार शब्द आले की ‘ज’ जोडून जलज, नीरज, अंबुज, वारिज ही कमळाची नावे होतात, आणि ‘द’ जोडून जलद, नीरद, अंबुद, वारिद ही ढगाची. इंग्रजीत मुळे याहून पुढचे काम करतात, समानार्थी शब्दांतला फरक दाखवतात. हट्टी, चिकाटीचा या अर्थाने ऑब्स्टिनेट, पर्सिस्टंट आणि टिनेशस हे तीन शब्द एका ओळीत दिलेले असतात. ऑब्स्टिनेटमध्ये स्तारे आहे, ‘ऑब’ म्हणजे समोर, आडवा. तो आडवा उभा राहणारा, म्हणून दोष. पर्सिस्टंटमध्येही उभे राहणेच आहे, पण ‘पर’ म्हणजे शेवटपर्यंत, म्हणून बहुधा गुण. टिनेशस ‘तेनेरे’ म्हणजे धरणे यावरून आला, तो चिवट, एकदा पकडले की न सोडणारा. रिकाम्या जागेत कोणता शब्द बसेल हे त्या चित्रावरून ठरते. नुसत्या यादीवरून ते कळत नाही.

पद्धतीचे धोकेही आहेत. सगळ्यात मोठा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांना नातेवाईक मानण्याचा. ‘बदनाम’ हा शब्द घ्यावा. त्यातला ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’ खरोखर एका कुळाचे आहेत. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा मात्र काहीही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पेडल, पेडेस्ट्रियन यांतला ‘पेड’ लॅटिन पाय, म्हणजे आपला पद. पीडियाट्रिशियनमधला ग्रीक, मूल या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ नकाराचा नाही, त्याचा अर्थ पेट घेणारे असाच आहे, आणि टँकरवरच्या या शब्दाचा उलटा अर्थ लावणे जिवावर बेतू शकते. शिवाय अर्थ काळाबरोबर सरकतात. कँडिडेटच्या मुळाशी ‘पांढराशुभ्र’ आहे, कारण रोममध्ये निवडणुकीचा उमेदवार खडूने उजळलेला झगा घालून फिरे. मुळावरून केलेला अंदाज शब्दकोशात पडताळून पाहावा लागतोच.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः लातूरसारख्या ठिकाणी वैद्यकीय प्रवेशासाठी वर्षे घालवणाऱ्यांना, याचा लाभ लगेच मिळतो. कृषी सेवा केंद्रातल्या बाटल्यांवरचे पेस्टिसाइड, हर्बिसाइड आणि फंजिसाइड घरच्या फवारणीमुळे ओळखीचे असतात. ‘साइड’ म्हणजे मारणारे. फर्टिलायझरमधला ‘फेर’ धारण करणे या अर्थाचा, संस्कृत ‘भृ’चा भाऊ. आंब्याच्या मँजिफेरा या नावातही तोच आहे, आंबे धारण करणारा. करडईच्या शास्त्रीय नावातले ‘टिंक्टोरियस’ म्हणजे रंगाऱ्याचे, कारण तिच्या पाकळ्यांतून रंग काढत. टिंक्चर आयोडीनमधले टिंक्चर हेच. हरभरा ‘एरिएटिनम’, म्हणजे मेंढ्यासारखा. दाणा चोचीच्या बाजूने धरून पाहावा, मेंढ्याचे डोके दिसते.

हाडांची नावेही अशीच चित्रे आहेत. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. नडगीचे टिबिया म्हणजे बासरी. पॅटेला म्हणजे छोटी ताटली, आणि मराठीतही आपण गुडघ्याची वाटीच म्हणतो. मसल हा शब्द ‘लहान उंदीर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. दंड फुगवला की रोमन माणसाला कातडीखाली उंदीर हललेला दिसला. आपल्याकडची पोरे त्यालाच बेडकुळी म्हणतात.