तूर्नेचं थडगं: राजा चिल्डेरिक आणि त्याच्या सोन्याच्या मधमाश्या

२७ मे १६५३. आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात सेंट ब्रिस चर्चजवळ एका नव्या इमारतीचा पाया खणणं चालू होतं. आद्रियाँ कँकँ नावाचा एक मूकबधिर गवंडी खड्ड्यात होता. त्याची कुदळ मातीत कशावर तरी आपटली आणि सोन्याच्या नाण्यांचा ढीग उघडा पडला. बघ्यांची झुंबड उडाली. नाण्यांपाठोपाठ तलवारीची सोन्याने मढवलेली मूठ निघाली, कडं निघालं, फेकून मारायची कुऱ्हाड, भाल्याचं पातं, स्फटिकाचा गोळा, आणि लाल खड्यांचे पंख असलेल्या सुमारे तीनशे सोन्याच्या मधमाश्या. थडगं कुणाचं, हे एका अंगठीने सांगितलं. मोहोर उठवायच्या त्या अंगठीवर लॅटिनमध्ये 'चिल्डिरिकी रेजिस', म्हणजे 'राजा चिल्डेरिकची', असं उलट्या अक्षरांत कोरलेलं होतं.

या राजाला जाऊन तेव्हा जवळजवळ पावणेबाराशे वर्षं झाली होती.

चिल्डेरिक हा फ्रँक या जर्मानिक टोळ्यांच्या मेरोव्हिंजियन घराण्याचा राजा. बापाचं नाव मेरोव्हेक, त्याच्यावरूनच घराण्याला नाव पडलं. मुलाचं नाव क्लोव्हिस, आणि फ्रान्सच्या इतिहासाची पुस्तकं बहुधा या मुलापासून सुरू होतात. चिल्डेरिकच्या वाट्याला त्यात दोनचार ओळी येतात. ते मला पटत नाही. क्लोव्हिसने जे राज्य वाढवलं त्याची घडी बापाच्या हयातीतच बसत आली होती, आणि ती कशी बसली हे त्या थडग्यात दिसतं.

लेखी माहिती मुळातच तुटपुंजी आहे. सगळ्यात जास्त मिळते ती फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासात, आणि तो लिहितोय चिल्डेरिकनंतर शंभर वर्षांनी. त्याची हकिकत अशी: तरुण राजा फ्रँकांच्या लेकीबाळींच्या वाटेला जाऊ लागला, लोक खवळले आणि त्याला पळून आजच्या जर्मनीतल्या थुरिंजियाच्या राजाकडे आसरा घ्यावा लागला. जाताना त्याने आपल्या विश्वासू माणसाबरोबर सोन्याचं एक नाणं मोडून निम्मंनिम्मं वाटून घेतलं. दुसरा तुकडा येऊन जुळला की समजायचं, रान मोकळं झालं, परत यायला हरकत नाही. आठ वर्षांनी तुकडा आला. मधल्या काळात फ्रँकांनी राजा म्हणून कुणाला मानलं होतं? इजिडियस या रोमन सेनापतीला. चिल्डेरिक परतल्यावर थुरिंजियाच्या राजाची राणी बसिना नवऱ्याला सोडून त्याच्या मागोमाग आली. तुझ्याहून कर्तबगार पुरुष समुद्रापलीकडे आहे असं कळलं असतं तर मी तिकडे गेले असते, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं म्हणे. क्लोव्हिस हा या दोघांचा मुलगा.

यात दंतकथेचा भाग किती आणि इतिहासाचा किती, ते निवडणं अवघड आहे. पण फ्रँक लोक एका रोमन सेनापतीला राजा मानू शकत होते, ही आठवण शंभर वर्षं टिकली, हे मला फार बोलकं वाटतं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर फ्रान्स-बेल्जियमच्या पट्ट्यात, रोमची सत्ता नावापुरती उरली होती. हाताशी फौज असेल तो कारभार बघे, मग तो रोमन असो की फ्रँक. ४६३ साली ऑर्लेआँजवळ व्हिजिगॉथ या दुसऱ्या जर्मानिक टोळीशी लढाई झाली तिथे चिल्डेरिक होता. पुढे आँजेच्या परिसरात सॅक्सनांशी झुंज झाली, तिथेही होता. तो ख्रिस्ती नव्हता, शेवटपर्यंत झाला नाही, तरी पॅरिसच्या साध्वी जेनेव्हिएव्हला तो मान देई. तिच्या चरित्रात एक प्रसंग आहे. काही कैद्यांना मारायचं ठरवून त्याने शहराचा दरवाजा बंद करवला, ती मध्ये पडायला नको म्हणून. दरवाजा तिच्यापुढे आपोआप उघडला, ती त्याला गाठून बोलली आणि कैदी वाचले. चमत्कार बाजूला ठेवला तरी भक्तांनी या राजाला राक्षस म्हणून रंगवलेलं नाही, हे उरतंच.

आता पुन्हा अंगठीकडे. तिच्यावर कोरलेल्या चित्रात राजाचे केस मधोमध भांग पाडून खांद्यावर सोडलेले आहेत. मोकळे लांब केस ही मेरोव्हिंजियन राजांची खूण. केस कापले की राजपद गेलं. पण अंगावर चिलखत आणि वरून झगा आहे तो रोमन सेनापतीचा. थडग्यात सापडलेली झगा अडकवायची सोन्याची पिनही रोमन अधिकारी लावत त्याच घाटाची. नाण्यांत शंभरावर सोन्याची आणि दोनशे चांदीची. सोन्याची बहुतेक कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांची, आणि त्यांतली सगळ्यात अलीकडची सम्राट झेनोची. झेनो गादीवर आला ४७४ मध्ये, आणि चिल्डेरिक वारला ४८१ च्या सुमारास, मेळ बसतो. रोम रानटी टोळ्यांनी बुडवलं, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य या अंगठीपुढे टिकत नाही. हा माणूस एकाच वेळी फ्रँकांचा राजा होता आणि रोमन प्रांताचा कारभारीही. तो गेल्यावर रँसचा बिशप रेमिगियस याने पोरवयाच्या क्लोव्हिसला पत्र लिहिलं, त्यातही हाच सूर आहे: दुसऱ्या बेल्जिका प्रांताचा कारभार तुझ्या वाडवडिलांप्रमाणे तू हाती घेतलास असं कळलं. प्रांत रोमन, कारभारी फ्रँक, आणि आशीर्वाद बिशपचा. पुढे ४८६ मध्ये क्लोव्हिसने इजिडियसच्या मुलाला, सायाग्रियसला, स्वासाँ इथे हरवलं, तेव्हा वारशाचा उरलेला अर्धा भागही त्याच्याकडे आला.

दफन मात्र पूर्ण जुन्या रीतीने झालं. १९८० च्या दशकात थडग्याच्या आसपास पुन्हा उत्खनन झालं, तेव्हा खड्ड्यांमध्ये एकवीस घोडे पुरलेले सापडले. क्लोव्हिसने पुढे ख्रिस्ती धर्म घेतला, पॅरिसला ठाणं हलवलं आणि तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. तूर्ने मागे पडलं. त्यामुळे घडलं उलटंच: नावाजलेल्या मुलाची कबर नाहीशी झाली आणि विसरलेल्या बापाची जशीच्या तशी सापडली.

सापडली, पण राहिली नाही. स्पॅनिश नेदरलँड्सचा तेव्हाचा सुभेदार आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्म याने ठेवा ताब्यात घेतला आणि आपला वैद्य ज्याँ-जाक शिफ्ले याला त्यावर लिहायला बसवलं. १६५५ मध्ये शिफ्लेचा सचित्र ग्रंथ निघाला. फ्रेंच राजांच्या लिलीच्या फुलाचं मूळ या मधमाश्यांत आहे, हा त्याचा तर्क आज कुणी धरत नाही, पण वस्तू न् वस्तू चित्रात उतरवायची त्याची चिकाटी अमोल ठरली. ठेवा व्हिएन्नाला गेला, तिथून १६६५ मध्ये चौदाव्या लुईला भेट म्हणून पॅरिसला आला. १८०४ मध्ये नेपोलियनला बुर्बाँ राजांच्या लिलीऐवजी जुनं, मानाचं चिन्ह हवं होतं. त्याने या मधमाश्या उचलल्या, आणि राज्याभिषेकाच्या झग्यावर त्या भरतकामात उतरल्या.

मग १८३१ चा नोव्हेंबर. पॅरिसच्या राजग्रंथालयात रात्री चोर शिरले आणि सोनं घेऊन गेले. बरंचसं वितळवलं गेलं. काही पिशव्या सेन नदीत सोडल्या होत्या, त्या नंतर हाती लागल्या. अंगठी गेली ती गेलीच. आज आपण तिच्याबद्दल बोलतो ते ठसे आणि नकला यांच्या आधाराने, आणि शिफ्लेच्या चित्रांच्या जोरावर. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा दाखवणारी ती वस्तू एका रात्रीत मुशीत गेली, हे वाचताना मला दरवेळी चुटपुट लागते.

तीनशेपैकी दोन मधमाश्या उरल्या आहेत. पंखांच्या सोन्याच्या घरांत लाल खडे पातळ कापून बसवलेले आहेत. तो तामडा, म्हणजेच गार्नेट. त्या काळच्या फ्रँक दागिन्यांतल्या या खड्यांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली तेव्हा बरेचसे भारतातले निघाले. समुद्रमार्गे, हातोहात व्यापार होत ते उत्तर गॉलपर्यंत पोचले होते.