रीत मोडली का नीती मोडली? दोन्ही एक नाही

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकत होतो, पाच वर्षांचा भाचा बाजूलाच बसला होता. त्याला सांगितलं, उद्या बैल जुंपाचा नसते. मग सहज विचारलं, "सगळ्या गावानं म्हटलं का जुंपला तरी चालते, त मंग?"

"मंग चालते."

"अन् सगळ्यानं म्हटलं का पराणी टोचून रक्त काढलं तरी चालते, त?"

"नाही न मामा, त्याले दुखते!"

ह्या दोन उत्तरांतच सगळं आलं. पोळ्याला बैल न जुंपणं ही रीत आहे, ती गावानं ठरवली म्हणून आहे, आपल्याकडे श्रावणी अमावस्येला पोळा आणि तिकडे पश्चिम महाराष्ट्रात आषाढात बेंदूर, कोणी चुकलं असं नाही म्हणत आपण. पण पराणी टोचू नये हे कोणी ठरवल्यामुळे खरं होत नाही, ते बैलाला दुखते म्हणून खरं आहे. ही नीती.

एलियट ट्युरिएल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांना असेच प्रश्न विचारले, की टीचरनं परवानगी दिली तर चालेल का, दुसऱ्या शाळेत असा नियमच नसेल तर चालेल का. तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा फरक करतात असं ह्या अभ्यासांत दिसलं, मारणं कुठंही वाईट, पण कपडे-बसण्याउठण्याचे नियम बदलले तर बदलले. आपण समजतो की लेकराला सगळं आपणच शिकवतो, पण असं नाही.

कारण काही गोष्टी लेकरू घेऊनच येते. नुकतं जन्मलेलं बाळ दुसऱ्या बाळाच्या रडण्याची टेप ऐकून रडते, तेवढ्याच मोठ्या बनावट आवाजाला तेवढं रडत नाही, हा 1971 चा प्रयोग आहे. 2006 मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो ह्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की दीड वर्षाचं पोर अनोळखी माणसाची खाली पडलेली वस्तू न सांगता उचलून देते, बक्षीस नाही काही नाही. आणि 1999 मध्ये मेंदूचे अभ्यासक दामासियो आणि सोबत्यांनी दोन जणांचा अभ्यास छापला, दोघांच्याही मेंदूच्या कपाळामागच्या भागाला सोळा महिन्यांच्या आतच इजा झाली होती, घर चांगलं, आईबाप चांगले, तरी मोठेपणी खोटं बोलणं, चोरी, आणि पश्चात्ताप नाही. "संस्कार कमी पडले" असं कोणाच्या आईबापाला म्हणताना मला आता जड जाते.

पण मग परिसर काहीच करत नाही का? खूप करते, आणि इथंच गोंधळ होतो. रिचर्ड श्वेडर ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये लोकांना बऱ्याच गोष्टी विचारल्या, 1987 मध्ये ते छापून आलं. बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या ब्राह्मण मुलांना फार मोठं पाप वाटलं, आणि बायको न सांगता एकटी सिनेमाला गेली म्हणून नवऱ्यानं मारलं ह्यात त्यांना विशेष चूक दिसली नाही. हसू नका, सुतकाचं आपल्याकडेही तेच आहे. त्या मुलांना रीत कळत नव्हती असं नाही, बापाच्या आत्म्याला त्रास होते असं ते मानत होते, म्हणजे दुखण्याचीच भाषा, फक्त कोणाला दुखते हे घरानं शिकवलेलं. श्वेडरचं म्हणणं होतं की रीत आणि नीती हा फरक सगळीकडे नसते, त्याला ट्युरिएलच्या बाजूच्या लोकांनी असंच उत्तर दिलं आणि मला ते पटते. पण मार खाल्लेल्या बाईचं दुखणं मोजलं गेलं नाही ते नाहीच.

आमच्या लहानपणी मजुराचा कप वेगळा असायचा, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. मी आजीला विचारलं काऊन, तर म्हणे "तशी रीत हाये." आजी दुष्ट नव्हती, आजारी वासरापाशी रात्रभर बसायची. तिला रीत शिकवताना त्या माणसाला काय वाटते हा प्रश्नच कोणी ठेवला नव्हता.

उलटही होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत होती ती त्यांनी मोडली आणि गोडाचं जेवण घातलं, भाऊबंद चिडले. त्यांच्या लेखी रीत मोडली होती. बाबांच्या लेखी एक बकरं वाचलं होतं.