ओव्हरक्लॉक केलंय? मग आधी सांगा, आणि फॉरमॅट मारू नका

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर कॅबिनेट ठेवता ठेवता बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : "काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडायला लागलंय." पाऊण तासाने आम्ही बायोस (मदरबोर्डमधली मूळ सेटिंग्ज) उघडून वेगाचे आणि व्होल्टेजचे आकडे दाखवले की मग, "हां, ते मुलाने यूट्यूबवर बघून काहीतरी केलं होतं." हे पत्रक त्या पाऊण तासासाठी आहे.

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवणं. त्याला आमची ना नाही. आम्ही स्वतः तो वाढवून देतो, त्याचे पैसेही घेतो. फक्त तुम्ही केलं असेल तर लपवू नका. वॉरंटी जाईल या भीतीने लोक गप्प बसतात, हे आम्हाला कळतं. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान इंटेल किंवा एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे खरं. पण दुरुस्तीला आलेल्या दहा मशीनपैकी नऊ वेळा काही जळलेलं नसतंच, आकडे मागे घेतले की काम भागतं. मग लपवायचं कशाला?

आता फॉरमॅटबद्दल. मशीन हँग होतं, निळा पडदा येतो, आणि घरातला कोणीतरी जाणकार सांगतो, "विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मार." इथेच सगळा घोळ होतो. प्रोसेसर चुकला की विंडोज त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत करून ठेवतं. तिथे 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या ओळी दिसल्या, की रोख हार्डवेअरकडे आहे हे आम्हाला पाच मिनिटांत कळतं. फॉरमॅट मारला की या ओळी गेल्या, तुमचे फोटो गेले, आणि दोष मात्र जागच्या जागी. कारण बायोसमधले आकडे फॉरमॅटने पुसले जात नाहीत. नवं विंडोजही त्याच डळमळीत प्रोसेसरवर चढतं आणि अर्ध्या वाटेत अडकतं. मग आम्हाला रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) एकेक बदलून बघत बसावं लागतं. त्या वेळेचे पैसे आम्ही लावतो, आणि त्यावरून वाद होतात.

दुसरा गैरसमज म्हणजे सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं की सगळं पूर्ववत होतं. रायझन मास्टर या एएमडीच्या ओव्हरक्लॉक सॉफ्टवेअरमधून केलेले काही बदल थेट बायोसमध्ये लिहिले जातात, सॉफ्टवेअर काढलं तरी ते तिथेच राहतात. त्यात एकाच मशीनवर रायझन मास्टर, मदरबोर्ड कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आणि बायोसमध्ये हाताने केलेला बदल, असे तिघे एकाच वेळी कारभार करताना आम्ही पाहिलेत. इंटेलवाल्यांचं तसलंच सॉफ्टवेअर, एक्सटीयू, असेल तरी तेच. एक जागा ठरवा आणि तिथूनच बदला.

एका वेळी एकच आकडा बदला आणि तो कागदावर लिहा. मोबाईलमध्ये बायोसचा फोटो काढलात तरी चालेल. दुसऱ्याच्या व्हिडिओतलं व्होल्टेज जसंच्या तसं उचलू नका. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात, एक ज्या व्होल्टेजवर नीट चालतो त्यावर दुसरा अडखळतो.

व्होल्टेजचा हिशेब एकदा समजून घ्या. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ४.४ वरून ४.७ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर नेलं, तर वेग वाढला सुमारे ७ टक्के आणि वीज व उष्णता सुमारे ३५ टक्के. हा सौदा दर वेळी परवडेलच असं नाही.

त्यात आपली मुंबई. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. रात्री एसीत २४ अंशांवर तपासून पास झालेलं मशीन मे महिन्यातल्या दुपारी ३३ अंशांच्या खोलीत नऊ अंश जास्तच तापणार. शिवाय कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात, आणि वर देवघर असेल तर पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीच्या काजळीचा तेलकट थर. परवाच एका कॅबिनेटचा हीटसिंक उघडला, तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पापडासारखी सुकून कडा सोडत होती. त्याला ओव्हरक्लॉक नव्हे, साफसफाई हवी होती. साफ करून पेस्ट बदलली आणि वेग आपोआप वाढला, कारण आजकालचे प्रोसेसर थंड राहिले की स्वतःच वर जातात.

आम्ही मशीन रात्रभर ठेवून घेतो, याची लोक तक्रार करतात. "सिनेबेंच दहा मिनिटं चाललं की झालं ना?" नाही झालं. सिनेबेंच प्रोसेसरवर भार टाकून बघतं, पण दहा मिनिटांत न दिसणारी चूक तिसऱ्या तासाला दिसते, कधी भार असताना नाही, तर मशीन रिकामं असताना दिसते. आम्ही एसी बंद ठेवून तपासतो, आणि आकड्यांचा कागद कॅबिनेटच्या आत चिकटवून देतो.

प्रत्येक प्रोसेसरवर हे होत नाही. आय५-१२४०० सारख्या, शेवटी 'के' नसलेल्या इंटेलवर गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, कुलूपबंद असतो. 'के'वाला असला तरी बोर्ड झेड मालिकेचा लागतो. रायझन बहुतेक खुले असतात, पण ए३२० आणि ए५२० बोर्डवर ओव्हरक्लॉक होत नाही. ५८००एक्स३डीचा गुणकही बंदच. इंटेलची तेरावी किंवा चौदावी पिढी असेल, तर काहीही करण्याआधी बायोस अपडेट करा. व्होल्टेजच्या गडबडीवरचा उपाय २०२४ मध्ये अपडेटमधूनच आला, पण आधी झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही.

आणि खरं सांगायचं, तर निम्म्या लोकांना फक्त रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी बायोसमधली सेटिंग) चालू करायची गरज असते. ३२०० ची रॅम घेतलेली असते आणि ती २१३३ वर रांगत असते. आमच्याकडून घेतलेल्या मशीनवर आम्ही हे फुकट करून देतो, उभ्या उभ्या.

मशीन सुरूच होत नसेल, तर आमच्याकडे यायच्या आधी एवढं करून पाहा. प्लग काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. तारीख-वेळ चुकेल, एक्सएमपीही बंद होईल, पण आकडे मूळ पदावर येतील. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, काही मशीन ती मागतात.

तरीही आणावं लागलं, तर मॉनिटर आणि केबली घरीच ठेवा. मोठा टॉवर कूलर असेल तर टॅक्सीत कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली येईल असं. खड्ड्यांत तो कूलर बोर्डला लोंबकळतो. सकाळी अकरा ते एक गर्दी कमी असते. बदललेले आकडे लिहिलेली चिठ्ठी आणायला विसरू नका.