क्रिएटिनिन वाढलं म्हणून वरण बंद करू नका

पुण्यात कोथरूड असो की हडपसर, घरात कुणाचं क्रिएटिनिन (किडनी कितपत काम करते हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलं की आधी वरण बंद होतं. मग मटकीची उसळ, दही, अंडं. ताटात उरतो भात आणि दुधी. ‘किडनीला प्रोटीन म्हणजे विष’ ही समजूत अर्धवट आहे, आणि घातकही.

प्रोटीन मोजून खायचं असतं. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यात, डायलिसिस नसताना, वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. वाटीभर वरणात जेमतेम 6-7 ग्रॅम असतं! त्याहून कमी प्रोटीनचा आहारही देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

डायलिसिस सुरू झालं की हिशेबच उलटतो. त्यात अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाते. तरी कित्येक घरांत जुनंच पथ्य चालू राहतं, हे पाहून जीव तुटतो. दंड बारीक होतात, जिना चढवत नाही, आणि क्रिएटिनिन जरा उतरलं म्हणून घरचे खूश. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं. स्नायू झिजले तरी आकडा उतरतो.

पोटॅशियम किंवा फॉस्फरस वाढलेलं असेल, तर कोणती डाळ किती, हे रिपोर्ट दाखवून आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.