मुंबईची मराठी कादंबरी : प्रेम आणि ओळख

मुंबई शहरात घडणाऱ्या आणि प्रेम, व्यक्तीची सामाजिक ओळख व परक्या माणसांशी जडणारी नाती यांना कथानकाच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मराठी कादंबऱ्यांचा गट. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ (१९७७) यासारख्या मुख्यतः सत्ताकारणावरच्या कादंबऱ्या येथे विचारात घेतलेल्या नाहीत. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या झोपडवस्तीच्या कादंबऱ्यांत प्रेम आहे, पण तेथे रोजच्या जगण्याच्या झटापटीपुढे त्याला वेगळे आसन मिळत नाही. म्हणून त्यांचा उल्लेख येथपुरताच.

प्रारंभ : या गटाची पहिली कादंबरी कोणती, याचे उत्तर निकष बदलला की बदलते. विचारात घ्याव्यात अशा कृती चार.

कालानुक्रमे पहिली हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती १८९० पासून क्रमशः येऊ लागली. पुस्तकाचे वर्ष साधारणतः १८९३ धरतात. नायिका यमू पुण्याच्या एकत्र कुटुंबातून नवऱ्याबरोबर मुंबईस येते आणि स्वतंत्र बिऱ्हाड थाटते. नवराबायकोने दिवसाउजेडी मोकळेपणी बोलणे, बरोबर बसून वाचणे, स्नेह्यांच्या बैठकीत बायकोने सहभागी होणे हे सारे तिला मुंबईत साधते. नवरा वारल्यावर ती पुन्हा सासरच्या घरात ओढली जाते आणि तिचे केशवपन होते. दाम्पत्यप्रेमाला वेगळ्या बिऱ्हाडाची गरज असते, ही जाणीव मराठी कादंबरीत एवढ्या ठसठशीतपणे येथे प्रथम दिसते. आक्षेप असा की, या कादंबरीतली मुंबई म्हणजे पुण्याचा अभाव आहे. शहर म्हणून तिला चेहरा नाही. रस्ते, गिरण्या, अठरापगड जाती-धर्म यांतले फारसे काही यमूच्या नजरेस पडत नाही.

दुसरी मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३). गिरणगाव तिच्यात पुरेपूर आहे, मात्र तिचा जीव कामगारप्रश्नात गुंतला आहे. तिसरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी यांचे प्रेम जमते; बोट मुंबईला लागते तेथे दोघांची ताटातूट होते. वंश, राष्ट्र आणि प्रेम यांचा इतका तीव्र पीळ मराठीत अन्यत्र क्वचितच आढळतो. परंतु मुंबई येथे बंदरापुरतीच आहे, आणि केवळ उतरण्याचे ठिकाण म्हणून तिला या गटाच्या आरंभी बसवणे ओढाताणीचे होईल.

उरते ती श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०). ज्ञानकोशकार केतकर समाजशास्त्राचे अभ्यासक होते आणि कादंबरी ही त्यांच्या लेखी त्याच अभ्यासाची दुसरी वाट होती. नायिका कालिंदी हिचे वडील ब्राह्मण, तर आईची आई विवाहबाह्य संबंधात राहिलेली. त्यामुळे कालिंदी ब्राह्मण की नाही, याचा निकाल समाज तिला विचारून करीत नाही. ती जातीबाहेरच्या व्यापाऱ्याबरोबर घर सोडते, फसते, आणि पुढे स्वतःच्या निवडीने पुन्हा उभी राहते. बेने इस्रायली (कोकणातले मराठीभाषक ज्यू), कामगार पुढारी, वकील, व्यापारी अशी माणसे एकाच कथेत वावरतात. हे मिश्रण मुंबईवाचून शक्य नव्हते. रचनेच्या अंगाने कादंबरी सैल आहे. पात्रे मधूनच विश्वकोशातील नोंदी वाचून दाखवीत असल्यासारखी बोलू लागतात, आणि कलादृष्ट्या केतकर बेफिकीर असल्याचा आक्षेप जुनाच आहे. तरीही प्रेम, जन्मसिद्ध ओळख आणि शहर ही तिन्ही अंगे एकमेकांवाचून अडावीत अशी सांगड प्रथम येथे पडते. प्रस्तुत नोंदीत प्रारंभाचा मान म्हणूनच ‘ब्राह्मणकन्ये’कडे झुकता ठेवला आहे. आपट्यांना आद्य मानणाऱ्यांची बाजूही निराधार नाही.

जागेचा प्रश्न : या कादंबऱ्यांतील प्रेमाचे स्वरूप समजण्यासाठी मुंबईच्या घरबांधणीचा इतिहास थोडा तपशिलात पाहावा लागतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले आणि त्याने बांधलेल्या चाळी बीआयटी चाळी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरगाव, परळ, लालबागच्या खाजगी चाळींतही एका खोलीत दोन पिढ्या, शिवाय गावाकडून आलेला एखादा पाहुणा, हीच मांडणी होती.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले. नव्याला मात्र पागडी मोजल्याशिवाय खोली मिळणे दुरापास्त झाले. घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधण्यातही राहिला नाही. पुढे लीव्ह अँड लायसन्सचे (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देणारे) करार आणि पेइंग गेस्ट ही सोय रुळली. १९४७ चा कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

कादंबरीवर याचा परिणाम काय झाला, हे सरळ कार्यकारणाने सांगणे धाडसाचे होईल. तथापि लग्न ठरते पण जागा नाही, जागा आहे पण तीत सासू-दीर आहेत, दोघांना बोलायला चौपाटी, शिवाजी पार्कचा कट्टा किंवा इराण्याचे हॉटेल एवढेच आहे, या परिस्थिती सुमारे १९५० नंतरच्या कथा-कादंबऱ्यांत इतक्या वारंवार येतात की त्यांना योगायोग म्हणता येत नाही. व. पु. काळे यांची ‘पार्टनर’ (१९७६) याच टंचाईवर उभी आहे. तिची लोकप्रियता सर्वज्ञात आहे. समीक्षेने मात्र तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. वाचकांनी ज्या गोष्टीत स्वतःला ओळखले तिच्याकडे अभ्यासकांनी पाठ फिरवावी, असे मराठीत अधूनमधून घडते.

भाऊ पाध्ये : भाऊ पाध्ये (१९२६–१९९६) यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) आणि ‘करंटा’ (१९६१) यांत कामगार चळवळीच्या आतबाहेरची मुंबई आणली. ‘वैतागवाडी’त घराच्या शोधात दमलेला मध्यमवर्गीय माणूस आहे. जागेचा शोध हेच कथानक आणि त्या शोधात माणसांचे स्वभाव उघडे पडतात, असे तिचे साधे पण पक्के सूत्र आहे. ‘वासूनाका’ (१९६५) मध्ये नाक्यावर उभी राहणारी पोरे त्यांच्याच बोलीत बोलतात. पोक्या हा निवेदक मुलींविषयी, सोबत्यांविषयी आणि स्वतःविषयी जे सांगतो त्यात लाज नाही आणि बढाईही बेताचीच. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला. अश्लीलतेच्या त्या वादाने ‘वासूनाका’ गाजली, पण वाचली गेली ती बव्हंशी त्या वादाच्या चष्म्यातून. ती कादंबरी की सैल गुंफलेल्या कथांची माळ, याबद्दल मतभेद संभवतो. नाका हेच तिचे मध्यवर्ती पात्र मानल्यास ती कादंबरी ठरते, आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोरांना घरात जागा नाही म्हणून ती नाक्यावर आहेत. प्रेम तेथे चारचौघांत, टिंगलीच्या सुरातच व्यक्त होते. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या समीक्षकांनी पाध्यांची बाजू पुढे उचलून धरली.

किरण नगरकर : किरण नगरकर (१९४२–२०१९) यांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मराठीत आहे. निवेदक कुशंक पुरंदरे याची प्रेमे, मैत्र्या आणि आठवणी कालक्रम मोडून येतात. त्या काळात दुर्बोध म्हणून ती बाजूला पडली. आज तिच्या विनोदाची धार अधिक जाणवते. नगरकर पुढे इंग्रजीकडे वळले. ‘रावण अँड एडी’ (१९९५) या इंग्रजी कादंबरीत माझगावच्या चाळीत वाढणारे एक हिंदू आणि एक कॅथलिक मूल आहे. मजले धर्माप्रमाणे वाटलेले आणि जिना सामायिक. तिचा मराठी अनुवाद रेखा सबनीस यांनी केला. भाषा इंग्रजी असली तरी चाळीच्या जगण्याची तिची माहिती अस्सल आहे, म्हणून ती येथे अंतर्भूत केली आहे.

शांता गोखले : जन्म १९३९, डहाणू. मुंबई व ब्रिस्टल येथे शिक्षण. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिणाऱ्या गोखले यांना मराठीत लिहिण्याचा आग्रह कवी निसिम इझिकेल यांनी केला होता. नाट्यसमीक्षा व अनुवाद हे त्यांचे मोठे कार्यक्षेत्र; कादंबऱ्या दोनच, पण या विषयाच्या दृष्टीने त्या सर्वांत महत्त्वाच्या.

‘रीटा वेलिणकर’ (१९९०) ची नायिका नोकरी करणारी अविवाहित स्त्री आहे. आईवडिलांच्या संसाराचा आणि धाकट्या बहिणींचा भार तिने उमेदीच्या वयात उचलला आहे. कचेरीतील वरिष्ठ, विवाहित साळवी यांच्याशी तिचे दीर्घकाळ चाललेले नाते तिला कोणतेही स्थान देत नाही. मनाचा तोल ढळून ती इस्पितळात दाखल होते. कादंबरी तेथून मागेपुढे सरकते. रीटाची ओळख नेहमी कोणाच्या तरी संबंधाने ठरत आलेली : कोणाची मुलगी, कोणाची बहीण, कोणाची, उच्चारता न येणारी, दुसरी. हे ओझे उतरण्याची प्रक्रिया लेखिका घाईने उरकत नाही. नाव इंग्रजी वळणाचे, आडनाव गोव्या-कोकणाकडचे आणि मन मुंबईच्या मध्यमवर्गाचे, अशी ही नायिका एका चौकटीत बसत नाही, आणि तिला बसवण्याचा प्रयत्नही लेखिका करीत नाही.

मैत्रीण सरस्वती हिचे पात्र येथे विशेष लक्षणीय आहे. मराठी प्रेमकथेत मैत्रीण ही बहुधा निरोप्याच्या किंवा सल्लागाराच्या कामी येते. ‘रीटा वेलिणकर’मध्ये मात्र टिकणारे नाते हेच ठरते. साळवींचा निर्णय काय, यापेक्षा सरस्वती इस्पितळात येऊन काय बोलते याला कादंबरीत अधिक वजन आहे. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद लेखिकेनेच केला (१९९५).

‘त्या वर्षी’ (२००८) चा पट रुंद आहे. चित्रकार, गायिका, पत्रकार अशा मुंबईतल्या मित्रमंडळींची ही कादंबरी १९९२–९३ च्या दंगलींच्या सावलीत घडते. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. परस्परांवर जीव असलेल्या माणसांना एकमेकांचा धर्म अचानक दिसू लागतो, तेव्हा कलेने काय करावे, असा प्रश्न ती विचारते. काही ठिकाणी चर्चा कथेवर मात करते. केतकरांचा दोष येथे सौम्य रूपात परततो म्हणावे लागेल. तिचा इंग्रजी अवतार ‘क्रोफॉल’ (२०१३), तोही लेखिकेचाच. शिवाजी पार्क परिसराविषयी गोखले यांनी पुढे इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले (२०२०).

इतर : मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ (२००५) घटस्फोटित स्त्रीच्या नजरेतून लग्नसंस्थेची कठोर उलटतपासणी करते, आत्मनिवेदनाची आवेगी लय हे तिचे बळ आणि मर्यादाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) पुण्यात घडते, त्यामुळे काटेकोरपणे या गटाबाहेर राहते. परंतु पेइंग गेस्ट म्हणून घरात आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम जडते, ही तिची मांडणी जागेच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. समलैंगिक संबंध गुन्हा न मानण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. कादंबरी त्याच्या बारा वर्षे आधीची. माहीमचे लेखक जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला (२०१३). आर. राज राव यांच्या ‘द बॉयफ्रेंड’ (२००३) या इंग्रजी कादंबरीत चर्चगेट स्थानकात जमलेल्या नात्यातला एक जण दलित तरुण आहे. जात आणि समलैंगिक प्रेम यांचा असा छेद मराठी कादंबरीने त्या सुमारास घेतलेला नाही.

दलित ओळखीचा प्रश्न मुंबईच्या संदर्भात कादंबरीपेक्षा आत्मकथनाने आधी आणि अधिक खोलवर मांडला. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधली कावाखाना ही मुंबईतली वस्ती आणि ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मधला नोकरी, लग्न व लेखन यांचा मुंबईतला संसार ही ठळक उदाहरणे. त्यांचा विचार आत्मचरित्राच्या नोंदीत करणे युक्त.

अलीकडच्या लेखकांपैकी प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ (२०१९) या तरुणपणाच्या कादंबरीला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला (२०२१).

रूपांतरे : ‘चक्र’वरील हिंदी चित्रपट (१९८१) स्मिता पाटील यांच्या भूमिकेमुळे लक्षात राहिला. ‘रीटा वेलिणकर’वरून रेणुका शहाणे यांनी ‘रीटा’ (२००९) दिग्दर्शित केला. पल्लवी जोशी रीटाच्या, जॅकी श्रॉफ साळवींच्या आणि स्वतः शहाणे सरस्वतीच्या भूमिकेत होत्या. ‘कोबाल्ट ब्लू’ चित्रपट (२०२२) कुंडलकर यांनीच केला आणि त्यात घर पुण्याहून केरळात हलवले.