धुराड्याची ओढ आणि वारा

लाकडाच्या बंद शेगडीत तापलेले वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असल्याने धुराड्यातून वर चढतात आणि मागोमाग ताजी हवा जाळाकडे खेचतात. या खेचीला ओढ म्हणतात. ती फार नाजूक असते. बाहेर ०° से. आणि धुराड्यात सरासरी २००° से. तापमान असेल, तर ५ मी. उंचीच्या धुराड्यात ती हिशेबाने जेमतेम २७ पास्कल भरते. ताशी ३६ किमी. वेगाच्या वाऱ्याचा दाब मात्र ६० पास्कलच्या वर जातो. म्हणूनच सोसाट्याच्या वाऱ्यात शेगडी वाऱ्याच्या कलाने जळते.

धुराड्याच्या तोंडावरून आडवा, मोकळा वाहणारा वारा तेथील दाब कमी करतो, ओढ वाढते आणि लाकडे भराभर जळतात. अशा वेळी शेगडीची हवेची खिडकी व नळीतील झडप थोडी लोटावी. पूर्ण मिटल्यास जाळ धुमसतो आणि धुराड्यात डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचतो.

उलटा धूर घरात येतो तो बहुधा वारा छपराचा कणा, टेकडी किंवा उंच झाडांवरून खाली कोसळतो तेव्हा. यावर खरा उपाय उंचीचा. अमेरिकेतील रूढ नियमानुसार धुराडे छपरातून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आतील घराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच हवे. वाऱ्याबरोबर फिरणारी किंवा एच आकाराची टोपी झोत अडवते. पण धुराड्याचे तोंडच वाऱ्याने दाबलेल्या हवेत असेल, तर टोपीचा उपयोग होत नाही, कारण तो दाब टोपीतूनही आत शिरतो. विकत घ्यायला टोपी सोपी, म्हणून लोक आधी तीच बसवतात. आधी उंची तपासावी.

घरातील खिडक्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. वाऱ्याच्या आडोशाची खिडकी उघडली, तर घरातील हवा बाहेर ओढली जाते आणि धूर उलटतो. वाऱ्याच्या समोरची किंचित उघडल्यास ओढीला मदत होते. स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखाही त्या वेळी बंद ठेवावा. थंड धुराड्यात जड हवा बसलेली असते. पेटवण्यापूर्वी शेगडीच्या वरच्या भागात कागदाचा जाळ करून ती हलवावी.

काश्मीर-लडाखमधील बुखारीची, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीची, पत्र्याची उघडी नळी लवकर थंड होते, त्यामुळे तिची ओढ वाऱ्यापुढे सहज हरते. रात्री निखारे विझत आले की ओढ आणखी मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचू शकतो. या वायूला रंग-वास नसल्याने झोपण्याच्या खोलीत त्याची सूचना देणारे यंत्र हवेच.