वाडा (धनगर मेंढपाळांचा फिरता तळ)

वाडा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चिरेबंदी जोते, दिंडी दरवाजा आणि मधला चौक उभा राहतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगर मेंढपाळाचा वाडा याच्या नेमका उलट असतो. काही कुटुंबे, त्यांची शेकड्यांनी मेंढरे, थोडी शेरडे, सामान वाहणारी घोडी आणि राखणीची कुत्री एकत्र चालतात आणि एकत्र मुक्काम करतात. त्या मुक्कामाच्या जागेला वाडा म्हणतात, आणि मुक्काम करणाऱ्या समूहालाही वाडाच म्हणतात. त्याला भिंत नसते, छप्पर बहुधा नसते. वर्षातले सात-आठ महिने हा वाडा चालत असतो आणि उरलेले महिने तो गावी, आपल्या माळावर असतो.

धनगर हा मोठा समाज आहे आणि त्यातले सगळे मेंढपाळ नाहीत. हटकर प्रामुख्याने मेंढरे राखणारे. खुटेकर आणि सणगर यांचे नाव घोंगडी विणण्याशी जोडलेले. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि गोव्यापर्यंतच्या डोंगरांत राहणारे डंगे किंवा गवळी धनगर म्हशी पाळणारे. आज बहुसंख्य धनगर शेती, मजुरी, नोकरी-धंदा करतात. ही नोंद मेंढरांमागे चालणाऱ्यांपुरती आहे.

वाडा का चालतो, याचे उत्तर पावसात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस पूर्वेला उतरताना झपाट्याने कमी होतो. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, कवठे महांकाळ या पट्ट्यात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुष्काळी मुलूख. मेंढरांच्या दृष्टीने मात्र पावसाळ्यात राहावे तर इथेच. दख्खनी मेंढी काटक असते. तहान सोसते, खुरटे गवत खाऊन मैलोन्‌मैल चालते, पण ओल तिला सोसत नाही. चिखलात राहिली की खूर सडतात, अंगावरची लोकर भिजून गारठते आणि रोग पसरतो. म्हणून पावसाळाभर मेंढरे कोरड्या माळावर, जिथे थोड्याशा पावसानेही कुसळी गवत उगवते, तिथे राखायची. पाऊस संपला, माळ पिवळा पडला, पाणवठे आटू लागले की ओल्या मुलखाकडे निघायचे, कारण तो मुलूख आता वाळलेला असतो. दुष्काळामुळे हे लोक देशोधडीला लागले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. खरे तर त्यांनी दुष्काळी आणि सुकाळी असे दोन्ही मुलूख एकाच कळपाने जोडून घेतले आहेत.

दसरा-दिवाळी झाली की वाडे हलू लागतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी भोर-वाईच्या मावळी बाजूला, कोणी नीरा-भीमेच्या काठाने, तर कोणी थेट मराठवाडा-विदर्भाकडे. मृगाचा पाऊस जवळ आला की सारे परत फिरतात. वाटा ठरलेल्या असतात, मुक्कामाची शिवारेही बरीचशी ठरलेली असतात. बापाने ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवली, त्याच्याच मुलाच्या रानात पुढे धनगराचा मुलगा बसवतो. सरकारी कागदांत आणि रोजच्या बोलण्यात या लोकांना ‘भटके’ म्हणतात, पण तो शब्द त्यांच्या जगण्याला लागू पडत नाही. भटकणारा माणूस पुढे कुठे जायचे हे ठरवून निघालेला नसतो. वाड्याला पुढच्या पंधरा दिवसांचा मुक्काम ठाऊक असतो. नसला, तर एक-दोन जाणते पुढे जाऊन पाणी, चारा आणि शेतकरी पाहून येतात.

या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी ‘मेंढरं बसवणं’ आहे. पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात रात्री मेंढरे बसवतात. लेंड्या आणि मूत मातीत मुरते आणि पुढच्या पिकाला खत मिळते. कोकणात भाताची कापणी झाली की खाचरे अशीच मेंढरांनी खतवतात. याबद्दल शेतकरी पूर्वी धान्य देई, आता पैसेही देतो. मेंढरांना कापलेल्या पिकाचा पाला, धसकटांतले गवत, बांधावरच्या बाभळीच्या शेंगा मिळतात. शेतकऱ्याला धनगर हवा असतो, धनगराला शेत हवे असते, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा मालक नसतो. गावगाड्याच्या उतरंडीत अशी बरोबरीची गाठ फार थोड्या ठिकाणी पडते. मेंढरे उभ्या पिकात शिरली की ती तुटतेही, आणि मग भांडण, दंड, प्रसंगी मारहाण होते. परमुलखातल्या वाड्याच्या मागे अशा वेळी गाव नसते, भाऊबंद नसतात. हा धोका तो रोज सोबत घेऊन चालतो.

वाडा चालतो तो बायांच्या हातांवर. सकाळी पुरुष मेंढरे घेऊन रानातून, चारत-चारत निघतात. बाया तळ उठवतात. भांडी, पीठ-मीठ, घोंगड्या, मेंढरे कोंडायची जाळी (वाघर) घोडीवर लादायची. नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या, कुत्र्याची पिले आणि चालता न येणारे मूल यांनाही त्याच ओझ्यावर जागा करायची आणि सरळ वाटेने नव्या मुक्कामी पोहोचायचे. तिथे तीन दगडांची चूल मांडणे, पाणी शोधणे, सरपण गोळा करणे, वाघर उभी करणे आणि भाकरी थापणे हे सगळे मेंढरे पोचण्याआधी व्हावे लागते. आठवड्याच्या बाजाराला जाणे, आजारी मेंढरांचे औषधपाणी, मागे राहिलेल्या कोकरांना दुसरीचे दूध लावणे, यांतही त्यांचा हात असतो. वाटेत बाळंत झालेली बाई फार काळ मागे थांबू शकत नाही, कारण गवत तिच्यासाठी थांबत नाही. धनगरी जीवनावरच्या लिखाणात काठी-घोंगडीवाला पुरुषच बहुधा समोर येतो. तो कळप राखतो हे खरे, पण घर राखणारी आणि रोज नव्याने उभारणारी बाई त्या चित्रात अजून पुरेशी आलेली नाही. शाळकरी मुले हल्ली बरीचशी गावी, आजी-आजोबांकडे राहतात.

बाहेरच्या माणसाचा घोटाळा करणारा एक शब्द इथेच सांगायला हवा. धनगराच्या तोंडी ‘बकरी’ म्हणजे बहुतेकदा मेंढी; शेळीला तो ‘शेरडू’ म्हणतो. ‘बकरी राखतो’ हे ऐकून शेळ्या शोधायला गेलेल्याला मेंढरांचा कळप दिसतो.

वाड्याबरोबर देवही चालतात. धनगरांच्या दैवतकथांत देव बहुधा आधीपासून डोंगरावर बसलेला नसतो. तो भक्तामागे येतो. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावचा म्हस्कोबा हा सोनारीच्या भैरवाचाच अवतार मानतात, आणि कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागे तो तिथे आला, अशी कथा आहे. खंडोबाची कथा आणखी पुढे जाते. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव वनवासाला निघतो आणि चंदनपुरीत बाणाईच्या घरी मेंढरे राखणारा गडी होऊन राहतो. तिथे तो मेंढरे आपटून मारतो आणि भंडारा टाकून जिवंत करतो, तेव्हा कुठे बाणाई त्याला मिळते. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी बसली आहे आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर आहे. वाणी घरातली म्हाळसा आणि धनगराची बाणाई यांचे भांडण लोकगीतांत रंगवून सांगतात. गाव आणि रान एकाच देवाच्या संसारात आणून ठेवणारी ही गोष्ट आहे, आणि रानाची बायको कथेत मुळीच कमी पडत नाही.

मेंढरांच्या जन्माची कथाही विलक्षण आहे: पहिली मेंढरे वारुळातून बाहेर पडली. धनगरांचा देव बिरोबा, त्याचे ठाणे आणि वारूळ यांचे नातेही असेच जुने आहे. बिरोबाचे मोठे क्षेत्र आरेवाडी (ता. कवठे महांकाळ), चिंचणीची मायाक्का ही त्याची बहीण मानली जाते. या कथा लिहून ठेवलेल्या नव्हत्या, त्या ओव्यांत होत्या. धनगरी ओवी ‘सुंबरान मांडलं’ म्हणत सुरू होते; सुंबरान म्हणजे स्मरण. गायक काही ओळी गातो, मग तोच भाग झपाट्याच्या गद्यात सांगतो, आणि असे आलटून-पालटून एक कथा रात्रभर चालते. गावे, ओढे, घाट, देवांचे मुक्काम यांची नावे त्यात इतकी येतात की कथा ऐकताना वाड्याची वाटच पायांखालून जाते. देवाने कुठे पाणी पाजले, कुठे रात्र काढली, हे ऐकणाऱ्या पोराला आपल्याही कळपाचे रस्ते कळत असणार, असे मला वाटते. गजी नृत्य आणि ढोल-कैताळ (कैताळ म्हणजे मोठ्या झांजा) याच परंपरेतले.

या ओव्या जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी मेंढपाळांबरोबर फिरून ध्वनिमुद्रित केल्या. हायडलबर्ग विद्यापीठात हिंदू धर्मशास्त्र आणि कायदा शिकवणाऱ्या या माणसाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृत ग्रंथांच्या बाहेर रानातही एक धर्म जगतो आणि त्यालाही परंपरा आणि इतिहास आहे, ही गोष्ट त्यांनी पुराव्यानिशी मांडली. रा. चिं. ढेरे यांनी पंढरीच्या विठ्ठलाचे मूळही गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. त्यावर वाद झाले आहेत, परंतु विठ्ठल आणि बिरोबा ही जोडी लोकांनी पूर्वीच मान्य केलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची (बिरदेव म्हणजे बिरोबाच) यात्रा भरते. तिथे अंजनगावहून पायी आलेले फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम हा विधिनाच खेळतात आणि भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचे भविष्य, सांगतात. भंडाऱ्याने पिवळ्याधमक झालेल्या गर्दीचे कान त्यांच्याकडे असतात, कारण भाकणुकीत पावसाचे आणि धान्याच्या दराचे बोल असतात.

इतिहासाच्या पुस्तकांत हा समाज मुख्यतः होळकरांमुळे येतो. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांनी माळव्यात राज्य उभारले आणि त्यांची सून, चोंडीच्या शिंदे घराण्यातल्या अहिल्याबाई (१७२५–१७९५) यांनी ते चालवले. मेंढपाळांच्या रोजच्या जगण्याला मोठा धक्का मात्र इंग्रजी अमदानीत बसला. १८७८ च्या वनकायद्याने डोंगरउताराची कुरणे राखीव होऊ लागली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चरली, तिथे आता परवाना किंवा दंड आला. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढे त्या खोऱ्यात ऊस वाढत गेला. ऊस मेंढपाळाला अडचणीचा, कारण तो शेत बाराही महिने अडवून ठेवतो आणि कापणीनंतरही मोकळे रान फारसे उरत नाही. उसाचे वाढे मेंढरे खातात, पण वाढे आणि ज्वारीच्या रानातला चारा यांची बरोबरी होत नाही. रासायनिक खत आल्यावर मेंढरे बसवून घेण्याची शेतकऱ्याची गरज कमी झाली. सेंद्रिय शेतीच्या ओढीने ती काही ठिकाणी पुन्हा वाढते आहे.

लोकरीची गोष्ट याहून कष्टी आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ आणि आखूड. तिची घोंगडी रंगवावी लागत नाही; खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ करायची. पाऊस, थंडी, अंथरूण, देवाचे आसन, सगळ्याला ही एकच घोंगडी. गिरणीच्या चादरींपुढे तिचे गिऱ्हाईक आटले आणि कातरणीचा खर्चही लोकरीतून निघेनासा झाला. मग मेंढपाळ मांसाकडे वळले. जत तालुक्यातल्या माडग्याळची मोठ्या अंगाची, फुगीर नाकाची आणि लोकर जवळजवळ नसलेली मेंढी त्यामुळेच मागणीत आली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. सुंदरबनातल्या गरोल मेंढीतला जुळी कोकरे देणारा जनुक दख्खनी मेंढीत उतरवून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. मेंढ्यांची संख्या न वाढवता कोकरे वाढावीत, हा त्यामागचा विचार. चराई आक्रसत असलेल्या मुलखात तो मोलाचा आहे. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये मोडतात, त्या गटाला ३.५ टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी जुनी आहे आणि अजून सुटलेली नाही.

वाडा मोडत चालला, असे वारंवार ऐकू येते. त्याच काळात बाळूमामांचे कळप वाढत आहेत. अक्कोळ येथे जन्मलेले आणि आदमापूर येथे समाधिस्थ झालेले बाळूमामा (१८९२–१९६६) स्वतः मेंढपाळ होते. त्यांची मेंढरे आजही ‘बग्गे’ म्हणून गावोगाव फिरतात. ज्या शिवारात बग्गा उतरतो तिथले लोक त्याला चारा-पाणी देतात, राखणाऱ्यांना जेवू घालतात आणि आपल्या रानात मेंढरे बसली म्हणून धन्य मानतात. या लोकांत धनगर नसलेलेही पुष्कळ असतात.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती ओलांडून काटेवाडीला येते. कोकण-मावळाकडे गेलेले वाडे त्याआधीच घरच्या माळावर परतलेले असतात. तिथले मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात आणि गोल रिंगण होते. पुढे वारकरी पंढरीकडे निघतात आणि मेंढरे माळाकडे. दसऱ्यापर्यंत ती तिथेच असतात.